लेफ्टनंट काट्टेचा गुन्हा नेमका काय होता?

उत्तरवाहिनी (धागाकर्ती) :

अठराव्या शतकातला प्रशियाचा (उत्तर जर्मनीतल्या राज्याचा) राजा फ्रेडरिक द ग्रेट याचे कोणतेही चरित्र उघडले, तरी त्याच्या तारुण्याच्या प्रकरणात चार-सहा पाने हान्स हेर्मान फॉन काट्टे या तरुण अधिकाऱ्याला दिलेली असतात. राजपुत्राचा जिवलग, पळून जाण्याच्या बेतातला साथीदार आणि राजपुत्राच्या डोळ्यांदेखत ज्याचे डोके उडवले गेले तो अभागी, एवढीच त्याची ओळख करून दिली जाते. त्यानंतर फ्रेडरिक पुढे जाऊन राजा होतो, सायलेशिया जिंकतो, व्होल्तेरशी पत्रव्यवहार करतो, आणि काट्टे मागे राहतो. ही कथा मैत्रीची आणि बलिदानाची म्हणून इतक्या वेळा सांगितली गेली आहे, की त्या तरुणाला कोणत्या गुन्ह्यासाठी, कोणी आणि कोणत्या अधिकाराने मारले, हा साधा प्रश्न तिच्याखाली दबून जातो. हा धागा त्या प्रश्नासाठी काढला आहे.

काट्टेचा जन्म २८ फेब्रुवारी १७०४ रोजी बर्लिनमध्ये झाला. घराणे एल्ब नदीजवळच्या वूस्ट गावचे, जुन्या जमीनदार सरदारांपैकी. वडील हान्स हाइनरिश घोडदळातले अधिकारी होते आणि या प्रकरणाच्या वेळी लेफ्टनंट जनरलच्या हुद्द्यावर पूर्व प्रशियात होते. आई फील्ड मार्शल वार्टेन्सलेबेन यांची मुलगी. ती मुलगा अगदी लहान असतानाच वारली. म्हणजे दोन्हीकडून लष्करी कुळ, आणि दोन्ही बाजू राजाच्या मर्जीतल्या. तरीही मुलाचे शिक्षण तलवारीपासून सुरू झाले नाही. हाले येथे फ्रांके यांच्या धर्मनिष्ठ आणि कडक शिस्तीच्या शाळेत तो शिकला, पुढे क्योनिग्जबर्ग आणि युट्रेख्ट येथे त्याने कायद्याचा अभ्यास केला, आणि त्यानंतरच तो बर्लिनच्या ‘झाँदार्म’ या चिलखती घोडदळाच्या मानाच्या पलटणीत दाखल झाला. बासरी वाजवणारा, चित्रे काढणारा, फ्रेंच सफाईने बोलणारा असा हा अधिकारी होता. ज्या राज्यात राजाला पुस्तकांपेक्षा उंच शिपाई अधिक प्रिय होते, त्या राज्यात अशा माणसाकडे राजपुत्र ओढला गेला नसता तरच नवल. दोघांची गाठ १७२९ च्या सुमारास गणित आणि यंत्रशास्त्राच्या खाजगी शिकवणीत पडली. फ्रेडरिक तेव्हा सतरा वर्षांचा होता, काट्टे पंचविशीचा.

फ्रेडरिकची बहीण विल्हेल्मिना हिने आपल्या आठवणींत काट्टेचे जे वर्णन केले आहे, ते प्रेमळ नाही. सावळा रंग, देवीचे व्रण, दाट काळ्या भुवया, चेहऱ्यावर काहीतरी अशुभ भाव, आणि आपल्या वाचनाचा व स्वतंत्र विचारांचा थोडा तोरा, असे तिने लिहिले आहे. ती त्याच्यावर नाखूश होती, हे लक्षात घेऊन ते वाचावे. याउलट बासरीवादक क्वांट्झच्या नावावर सांगितला जाणारा एक प्रसंग मला त्याचे अधिक खरे चित्र वाटतो. क्वांट्झ ड्रेस्डेनहून अधूनमधून राजपुत्राला बासरी शिकवण्यासाठी येत असे, अर्थात राजाच्या नकळत. एकदा शिकवणी चालू होती. राजपुत्राने घट्ट लष्करी कोट उतरवून जरीचा घरगुती झगा घातला होता आणि केसही फ्रेंच पद्धतीने बांधले होते. इतक्यात राजा येत असल्याची बातमी घेऊन काट्टे धावत आत आला. त्याने बासऱ्या, वह्या आणि खुद्द क्वांट्झ यांना ओढत शेगडीच्या सरपणाच्या कोनाड्यात नेले, आणि राजाचा राग ओसरेपर्यंत ते दोघे तिथे श्वास रोखून बसले. झगा राजाच्या हाती लागला आणि आगीत गेला. क्वांट्झचा कोट लाल होता आणि राजाला लाल रंगाचा तिटकारा होता, म्हणून तो थरथरत होता, असेही सांगतात.

राजा फ्रेडरिक विल्यम पहिला (राज्यकाळ १७१३ ते १७४०) मुलाला मारत असे, आणि ते चारचौघांत मारत असे. जून १७३० मध्ये सॅक्सनीचा अधिपती ऑगस्ट याने त्साइटहाइन येथे मोठा लष्करी मेळावा भरवला होता. तिथे परक्या दरबाऱ्यांसमोर राजाने मुलाला बदडले, आणि वर असेही सुनावले, की माझ्या बापाने मला असे वागवले असते तर मी स्वतःला गोळी घातली असती, पण तुला अब्रूच नाही. पळून जायचे हे फ्रेडरिकच्या मनात तेथे पक्के झाले. इंग्लंडचा राजा त्याचा मामा होता, आणि इंग्लंडच्या राजघराण्याशी दुहेरी सोयरीक करण्याची बोलणी आईने चालवलेली होती. पण इंग्रजांच्या वकिलाने त्याचे कर्ज फेडण्याची तयारी दाखवतानाच सध्या पळू नये असा सल्ला दिला होता. काट्टेनेही आपण त्याला वारंवार परावृत्त केले, असे पुढे जबानीत सांगितले. मात्र राजपुत्राचे पैसे, दागिने आणि कागदपत्रे त्याने आपल्याकडे ठेवून घेतली होती, आणि सैन्यभरतीच्या निमित्ताने रजा काढून वाटेत त्याला गाठायचे, हेही ठरले होते. ती रजा मिळाली नाही. काट्टे बर्लिनमध्येच अडकला, आणि राजपुत्र वडिलांच्या लवाजम्यासोबत दक्षिण जर्मनीच्या दौऱ्यावर निघाला.

प्रत्यक्ष पलायन किती झाले, हे पाहण्यासारखे आहे, कारण पुढचा सगळा खटला त्यावर उभा आहे. ४ ऑगस्टच्या रात्री लवाजमा जिन्सहाइमजवळच्या श्टाइन्सफुर्ट या खेड्यात कोठारांत मुक्कामाला होता. पहाटे फ्रेडरिक उठला, त्याने प्रवासासाठी मुद्दाम शिवून घेतलेला लाल कोट अंगात घातला आणि तो बाहेर येऊन उभा राहिला. कीथ नावाचा हुजऱ्या घोडे घेऊन आला, तोवर देखरेखीवरचे अधिकारीही जागे होऊन तिथे आले, आणि घोडे परत गेले. एवढेच. कोणी घोड्यावर बसलेदेखील नाही. एक-दोन दिवसांत हुजऱ्याला भीती असह्य झाली आणि मानहाइम येथे त्याने राजाच्या पाया पडून सर्व सांगून टाकले. त्यातच राजपुत्राने काट्टेला लिहिलेले एक पत्र, पत्ता अपुरा असल्याने, त्याच्याच एका चुलतभावाच्या हाती पडले आणि त्याने ते राजाकडे पाठवले.

त्या हुजऱ्याचा थोरला भाऊ, लेफ्टनंट कीथ, वेझेल येथे होता. इशारा मिळताच तो हॉलंडमार्गे इंग्लंडला पोहोचला. काट्टेला मात्र १६ ऑगस्टला बर्लिनमध्ये पकडले. पकडायला गेलेल्यांनी मुद्दाम सवड दिली होती आणि हा खोगीर तयार होण्याची वाट पाहत थांबला, अशी कथा आहे. कारण काहीही असो, जो हलला तो वाचला आणि जो बर्लिनमध्ये राहिला तो मेला.

ऑक्टोबरच्या अखेरीस कोपेनिकच्या वाड्यात लष्करी न्यायालय बसले. अध्यक्ष लेफ्टनंट जनरल फॉन डर शुलेनबुर्ग. त्यांच्यासोबत मेजर जनरल, कर्नल, लेफ्टनंट कर्नल, मेजर आणि कॅप्टन या प्रत्येक हुद्द्याचे तीन, असे पंधरा अधिकारी होते. राजपुत्राबद्दल निकाल देणे आपल्या अधिकाराबाहेरचे आहे, असे सांगून त्यांनी तो विषय बाजूला ठेवला. पळालेल्या कीथला त्याच्या चित्राच्या रूपाने फाशी द्यावे, असे ठरले. काट्टेबाबत हुद्द्यांच्या गटांत मतभेद झाले, अध्यक्षांनी आपले मत सौम्य बाजूला दिले आणि निकाल आला तो आजन्म किल्लेकैदेचा. कारण स्पष्ट होते: बेत झाला, कृती झाली नाही.

राजाने निकाल परत पाठवला. न्याय करा, त्यावरून पिसाची झाडणी फिरवू नका, अशा अर्थाचे शब्द त्यात होते. न्यायालय पुन्हा बसले, आणि शुलेनबुर्गने उत्तर दिले, की विवेकाला स्मरून दिलेला निकाल बदलता येत नाही. मग १ नोव्हेंबरच्या हुकमाने राजाने स्वतःच शिक्षा बदलली. काट्टे राजाच्या खास पलटणीतला, राजाशी प्रत्यक्ष बांधलेला अधिकारी होता. त्याने उगवत्या सूर्याशी संधान बांधले. कायद्याने तो तापलेल्या चिमट्यांनी तोडून फासावर द्यायच्या लायकीचा आहे, पण कुळाकडे पाहून तलवारीने शिरच्छेद करावा. आणि न्याय जगातून नाहीसा होण्यापेक्षा काट्टे मेलेला बरा. वडिलांनी विनवणी केली, आजोबा फील्ड मार्शलांनी केली, काट्टेने स्वतः दयेचा अर्ज लिहिला. काही उपयोग झाला नाही.

६ नोव्हेंबर १७३० च्या सकाळी क्युस्ट्रिनच्या किल्ल्यात हुकमाची अंमलबजावणी झाली. राजपुत्र त्याच किल्ल्यात कैदेत होता आणि त्याला खिडकीशी आणून उभे करावे, असा राजाचा लेखी हुकूम होता. फ्रेडरिकने खिडकीतून फ्रेंचमध्ये क्षमा मागितली. क्षमा करण्यासारखे काही नाही, आपण आनंदाने मरत आहोत, अशा अर्थाचे उत्तर काट्टेने दिले. डोळ्यांवर पट्टी बांधू देण्यास त्याने नकार दिला, टोप स्वतः काढला, गळ्याजवळचे कपडे स्वतः सैल केले. प्रेत दुपारी दोनपर्यंत जागेवरच ठेवावे, हेही हुकमात लिहिलेले होते.

माझे मत असे, की काट्टेला न्यायालयाने मारले नाही, आणि खरे तर त्याच्या गुन्ह्यासाठीही मारले नाही. तो राजपुत्राच्या शिक्षणाचा एक धडा होता. जाणकारांनी यावर लिहावे.


दफ्तरदार :

लेख उत्तम आहे, पण शेवटच्या निष्कर्षाशी सहमत होता येत नाही. आपण आजच्या फौजदारी कायद्याच्या चष्म्यातून १७३० च्या प्रशियाकडे पाहत आहात. त्या काळी लष्करी न्यायालयाचा निकाल हा राजापुढे ठेवलेला अभिप्राय असे. राजाची मोहोर लागल्यावरच त्याला शिक्षेचे रूप येत असे, आणि मोहोर लावताना शिक्षा कमी करण्याचा तसाच वाढवण्याचाही अधिकार राजाला होता. बहुतेक वेळा राजे कमी करीत, म्हणून वाढवण्याचा प्रसंग आपल्याला धक्कादायक वाटतो. तो बेकायदा मात्र नव्हता.

दुसरा मुद्दा पलायनाचा. या राजाने सैन्य सुमारे चाळीस हजारांवरून ऐंशी हजारांपर्यंत नेले, आणि तेही वीस-बावीस लाख वस्तीच्या राज्यात. त्यातले पुष्कळ शिपाई फसवून किंवा उचलून आणलेले होते आणि संधी मिळताच पळत होते. साध्या शिपायाला पळण्यासाठी दोन रांगांमधून छड्यांचा मार खात धावावे लागे, वेळप्रसंगी फास मिळे. ज्या राजाने हे रोज चालवले, त्याने खास पलटणीतल्या सरदारपुत्राला ‘बेत होता, कृती नव्हती’ म्हणून सोडायचे, आणि बेतात परक्या राज्याच्या वकिलाशी बोलणीही झालेली असताना सोडायचे, हे राजाच्या दृष्टीने कसे शक्य होते? आपल्याविरुद्ध इंग्लंडच्या मदतीने मोठा कट शिजत आहे, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. ती खोटी होती, ही गोष्ट वेगळी.

काट्टेची शपथ राजाशी होती, युवराजाशी नव्हे. युवराजाचे गुपित ठेवताना त्याने ती मोडली. कथेतला हळवा भाग बाजूला ठेवला, तर एवढे उरतेच.


केवडा :

या प्रकरणात आणखी एका व्यक्तीला शिक्षा झाली आणि तिच्यासाठी कोणतेही न्यायालय बसले नाही, याचा उल्लेख येथे व्हायला हवा. डोरिस रिटर ही पॉट्सडॅममधल्या शाळेच्या मुख्याध्यापकाची सोळा वर्षांची मुलगी. ती वाद्य वाजवीत असे, राजपुत्र तिच्या घरी जाऊन तिच्यासोबत बासरी वाजवी, आणि त्याने तिला काही किरकोळ भेटवस्तू दिल्या होत्या. पलायनाच्या बेताशी तिचा काडीइतका संबंध नव्हता. तरीही राजाने तिची तपासणी करवली, ती निष्कलंक असल्याचा अहवाल आल्यावरही तिला आधी नगरभवनासमोर, मग वडिलांच्या घरासमोर आणि नंतर गावाच्या चौकाचौकांत फटके मारवले, आणि आजन्म म्हणून श्पांडाउच्या सक्तमजुरीच्या घरात धाडले. ती १७३३ मध्ये सुटली.

दफ्तरदार यांनी शपथेचा मुद्दा काढला आहे. डोरिसने कोणाला कोणती शपथ दिली होती? काट्टेला शिक्षा देणारा हात आणि तिला फटके मारवणारा हात एकच होता, आणि दोन्ही हुकूम त्याच काही आठवड्यांतले आहेत. एका हुकमाला कायद्याचा आधार सापडतो म्हणून तो कायद्यासाठी काढला होता, असे मानायला मी तयार नाही. काट्टे सरदारपुत्र होता, म्हणून त्याच्या वाट्याला निदान पंधरा न्यायाधीश आणि तलवार आली.


उत्तरवाहिनी :

केवडा, आभार. डोरिस रिटरचा भाग मी लांबीच्या भीतीने गाळला होता. आपण तो अधिक नेमका मांडलात.

दफ्तरदार, शिक्षा वाढवण्याचा अधिकार राजाला होता, हे मला मान्य आहे. पण मग त्याने तो पहिल्याच दिवशी का वापरला नाही? निकाल परत पाठवण्याचा अर्थ असा, की मृत्युदंड आपल्या हुकमाने नव्हे तर अधिकाऱ्यांच्या तोंडून यावा, अशी त्याची इच्छा होती. पंधरा अधिकारी आणि एक वृद्ध सेनापती यांनी ते नाकारले. हे सगळे याच राजाच्या शिस्तीत वाढलेले, त्याच्या पगारावर जगणारे, घरी मुलेबाळे असलेले लोक होते. त्यांच्यातल्या काहींनी पहिल्या फेरीत मृत्युदंडाचेच मत दिले होते. तरी दुसऱ्यांदा विचारल्यावर न्यायालय म्हणून ते एकत्र उभे राहिले. या कथेत मला सर्वांत जास्त आदर कोणाविषयी वाटत असेल, तर तो शुलेनबुर्गविषयी. त्याच्या नावाचा फारसा गाजावाजा होत नाही.

आणि कायदा मान्य केला तरी हुकमातले तपशील उरतात. शिरच्छेद बर्लिनमध्ये करता आला असता. काट्टे बर्लिनमध्येच कैदेत होता. त्याला बंदोबस्तात, सोबत एक मेजर आणि एक लष्करी धर्मोपदेशक देऊन, मुद्दाम क्युस्ट्रिनला नेले. प्रवासात दोन मुक्काम झाले, पाचव्या तारखेला तो पोहोचला, शेवटची रात्र प्रार्थनेत गेली. खिडकीखाली जागा पुरेशी नसेल तर राजपुत्राला नीट दिसेल अशी दुसरी जागा शोधावी, हेही लिहून दिले होते. हे शपथभंगाच्या शिक्षेत बसत नाही. त्याच धर्मोपदेशकाला राजाने पुढे राजपुत्रापाशी ठेवले आणि मुलाचे मन आता मऊ झाले आहे का, याचे अहवाल मागवले. काट्टेने मरण्यापूर्वी राजपुत्रासाठी दिलेला निरोपही त्याच्यामार्फत पोहोचला: वडिलांना शरण जावे, आपल्या मरणाचा दोष त्यांना देऊ नये. धडा म्हणतो तो यासाठी.


बोरूबहाद्दर :

एक प्रश्न टाळून ही चर्चा पूर्ण होणार नाही, म्हणून विचारतो. दोघांमधले नाते केवळ मैत्रीचे होते की प्रेमाचे? इंग्रजी लेखनात आजकाल ते सरळ प्रेमसंबंध म्हणूनच सांगितले जाते.


उत्तरवाहिनी :

प्रश्न रास्त आहे, आणि त्याला ठाम उत्तर देता येईल असा कागद उपलब्ध नाही. फ्रेडरिकचे पुढचे आयुष्य पाहता, म्हणजे नावापुरते राहिलेले लग्न, भोवतालचे पुरुषांचे वर्तुळ आणि समकालीनांच्या कुजबुजी, त्याचा ओढा पुरुषांकडे होता, हे बहुतेक अभ्यासक आता मानतात. पण त्यावरून १७३० मधल्या या विशिष्ट नात्याबद्दल मागे जाऊन निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. त्यातून एक अडचण अशी, की दोघांची जी पत्रे बोलू शकली असती ती उरलीच नाहीत. विल्हेल्मिनाच्या आठवणींत सविस्तर आहे: काट्टेने अटकेपूर्वी राजपुत्राची कागदांची पेटी राणीकडे पोहोचेल अशी व्यवस्था केली, राणीने आणि विल्हेल्मिनाने मोहोर उखडून ती उघडली, आतली पत्रे जाळली आणि राजाला पेटी रिकामी दिसू नये म्हणून दोघींनी बसून जुन्या तारखांची नवी निरुपद्रवी पत्रे लिहून आत भरली. त्या पत्रांत राजाविषयी अनुदार मजकूर होता, एवढे ती सांगते. बाकी काय होते, ते राखेसोबत गेले.

खटल्यात मात्र हा विषय कोठेही नव्हता. राजा मुलाला बायकी म्हणून हिणवत असे, पण काट्टेवरचा आरोप शपथभंगाचा आणि पलायनाच्या बेताचा होता. म्हणून मी मूळ लेखात त्यात शिरले नाही.


नदीकाठ :

मी नोकरीनिमित्त बर्लिनमध्ये राहतो आणि या प्रकरणातल्या दोन्ही जागा पाहिल्या आहेत, म्हणून थोडे लिहितो.

क्युस्ट्रिन आता पोलंडमध्ये आहे, ओडर नदीच्या काठी. गावाचे नाव कोस्चिन. १९४५ च्या सुरुवातीला येथे जी लढाई झाली, तीत जुने गाव पूर्ण बेचिराख झाले आणि ते पुन्हा बांधले गेले नाही. किल्ल्याचे बुरूज उभे आहेत, आत रस्त्यांची फरसबंदी आहे, घरांचे उंबरे आणि दोन-चार पायऱ्या आहेत, आणि त्या पायऱ्यांवरून चढून गेले की पलीकडे झुडपे लागतात. राजपुत्र ज्या वाड्यात कैद होता, त्याचे अवशेष युद्धानंतर पाडून टाकले. त्यामुळे खिडकीतून नेमके काय दिसत होते, हा वाद जागेवर जाऊन मिटवता येत नाही. शिरच्छेदाची जागा कोणत्या तटापाशी होती यावर जुन्या अभ्यासकांतही एकमत नव्हते. काहींच्या मते राजपुत्राला काट्टे चालत जाताना दिसला, प्रत्यक्ष घाव दिसला नाही, आणि तोवर तो शुद्ध हरपून पडला होता.

वूस्ट हे छोटे खेडे आहे. बिस्मार्कचे जन्मगाव शोनहाउझेन याच मुलखात आहे. काट्टेला आधी क्युस्ट्रिनमध्येच पुरले होते. पुढे कुटुंबाने परवानगी मिळवून शव वूस्टला आणले आणि चर्चला लागून असलेल्या घराण्याच्या तळघरात ठेवले. तिथे जाऊन पाहिले, की घराण्याचा मान केवढा होता आणि या मृत्यूने तो किती अडचणीत आला असेल, हे लक्षात येते. वडील त्यानंतरही राजाच्या सैन्यात अधिकारी राहिले. मुलाला ज्याने मारले, त्याच्या चाकरीत पुढची दहा वर्षे काढली.


ओसरी :

त्या दहा वर्षांनंतर काय झाले, तेही नोंदवू. ३१ मे १७४० रोजी राजा वारला आणि फ्रेडरिक गादीवर आला. त्याच वर्षी त्याने काट्टेच्या वडिलांना फील्ड मार्शल केले आणि काउंट हा किताब दिला. ते १७४१ मध्ये वारले. कीथ मधल्या काळात पोर्तुगालच्या सेवेत होता. त्याला बोलावून लेफ्टनंट कर्नल केले, पुढे विज्ञान अकादमीच्या कारभारातही घेतले. कीथला मात्र याहून अधिकाची अपेक्षा होती, आणि तो नाराजच राहिला असे दिसते.

गादीवर आल्यावर पहिल्याच आठवड्यात, ३ जून रोजी, फ्रेडरिकने चौकशीतल्या छळाला जवळजवळ बंदी घातली. त्याचा संबंध पुष्कळ लोक क्युस्ट्रिनशी जोडतात. मला तो तितका सरळ वाटत नाही, कारण शिपायांच्या पलायनाबाबत हा राजा वडिलांइतकाच कठोर राहिला. रांगांमधून छड्या खात धावण्याची शिक्षा त्याच्या सैन्यातही सर्रास चालू होती. स्वतः एकेकाळी घोड्यांची वाट पाहत पहाटे उभा राहिलेला माणूस पळणाऱ्याविषयी नरम होईल, अशी आपली अपेक्षा असते. तो झाला नाही.


दफ्तरदार :

ओसरी यांचा मुद्दा मी आणखी पुढे नेतो, कारण उत्तरवाहिनी यांच्या प्रश्नाला त्याने वेगळे वळण मिळते. १७७९ मध्ये, म्हणजे काट्टेच्या मृत्यूनंतर जवळजवळ अर्धशतकाने, याच फ्रेडरिकपुढे पाणचक्की चालवणाऱ्या आर्नोल्डचे प्रकरण आले. वरच्या अंगाला एका जमीनदाराने माशांसाठी तळी केली, पाणी कमी झाले, म्हणून मी खंड भरणार नाही, असे आर्नोल्डचे म्हणणे. न्यायालयांनी ते फेटाळले, वरच्या न्यायालयाने फेटाळणे कायम केले. राजाला वाटले, की न्यायाधीश सरदारांची बाजू घेत आहेत. त्याने मुख्य न्यायमंत्र्याला हाकलले, न्यायाधीशांना श्पांडाउच्या किल्ल्यात टाकले आणि निकाल स्वतःच्या हुकमाने फिरवला. आणि ज्या न्यायाधीशांनी विवेकाला स्मरून निकाल दिला म्हणून कैद भोगली, त्यांतले काही कोठले होते? क्युस्ट्रिनच्या न्यायालयाचे.

त्याच गावी खिडकीशी उभा केलेला मुलगा म्हातारपणी वडिलांनी केले तेच करतो: न्यायालयाचा निकाल आवडला नाही, म्हणून तो मोडतो, आणि वर न्याय वाचवल्याचे सांगतो. लोकांनी त्या वेळी बर्लिनमध्ये राजाचा जयजयकार केला, आणि पदच्युत मंत्र्याच्या दारी सरदारांच्या गाड्यांची रांग लागली. तेव्हा दोष एका संतापी बापाचा आहे, की न्यायालयाच्या डोक्यावर हुकूम चालवण्याची मुभा असलेल्या रचनेचा आहे? मी दुसऱ्या बाजूला आहे, आणि म्हणूनच मला ‘धडा’ हे उत्तर अपुरे वाटते.


उत्तरवाहिनी :

आर्नोल्डचे उदाहरण चपखल आहे, आणि रचनेबद्दलचा आपला मुद्दा मी स्वीकारते. फक्त दोन प्रकरणांतला एक फरक नजरेआड करता येत नाही. आर्नोल्डच्या बाबतीत राजाने हुकूम चालवला तो एका दुर्बल माणसावर अन्याय झाला, अशा समजुतीने, आणि त्याची समजूत चुकीची होती, हे नंतर ठरले. फ्रेडरिक १७८६ मध्ये वारल्यावर त्याच्या वारसाने ते न्यायाधीश निर्दोष ठरवले, त्यांचे नुकसान भरून दिले. चूक दुरुस्त करण्याची वाट शिल्लक होती.

काट्टेच्या हुकमात ती ठेवलेली नव्हती. न्यायालयाने सुचवलेली आजन्म किल्लेकैद फ्रेडरिक राजा होईपर्यंत म्हणजे दहा वर्षेही टिकली नसती. डोरिस रिटरही तीन वर्षांत सुटली. राजाला हे कळत नव्हते, असे मला वाटत नाही. ‘उगवत्या सूर्याशी संधान’ हे त्याचेच शब्द आहेत: आपण मावळणार आहोत आणि त्यानंतर हा माणूस किल्ल्यातून बाहेर येईल, मानाने येईल, हे ज्याला दिसत होते, त्यानेच तो हुकूम लिहिला. छत्तिसाव्या वर्षी काट्टे कीथसारखाच दरबारात दिसला असता. बहुधा कीथसारखाच थोडा नाराजही असता.